पासष्टीनंतरचे मूत्रपिंड

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबांनी पवनारच्या आश्रमात, धाम नदीच्या काठी, अन्न आणि औषध या दोहोंचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी, वयाची ८७ वर्षे पुरी झालेली असताना, शांतपणे देह ठेवला, ही हकीकत वर्धा जिल्ह्यात लहानथोरांस ठाऊक आहे; आणि त्या स्मृतीचा परिणाम म्हणा, की एकंदरच आपल्या समाजाचा स्वभाव म्हणा, साठी-पासष्टी उलटलेल्या माणसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की 'आता या वयात कशाला?' असे रुग्णाने म्हणावे आणि मुलासुनांनी ते वैराग्याचे उद्गार समजून खाली मान घालावी, असा एक शिरस्ता इकडे पडून गेला आहे. परंतु ज्या जयप्रकाशांनी १९५४ साली बोधगयेला याच विनोबांच्या भूदानकार्याला आपले जीवन वाहिले, त्यांच्या उत्तरायुष्याची कथा अगदी निराळी आहे आणि ती आपण फारशी आठवत नाही. जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली, नोव्हेंबरात सुटका झाली, आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. त्यावेळी ते ७३ वर्षांचे होते. पुढे ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, हा मनुष्य डायलिसिसच्या यंत्रावर जगला. त्या यंत्रासाठी लोकांनी एकेक रुपयाची वर्गणी दिली. आणि याच चार वर्षांत जनता पक्षाची मोट बांधण्यापासून ती विस्कटताना पाहण्यापर्यंत सारे त्यांच्या वाट्याला आले.

दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. मात्र विनोबांनी जे सोडले ते काय आहे हे जाणून सोडले, आणि आपल्याकडील बहुसंख्य वृद्ध जे सोडतात ते काय होते हे त्यांना कोणी समजावूनच सांगितलेले नसते, एवढा फरक ध्यानात घेतला पाहिजे. म्हणून मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण वृद्ध देहात कितपत टिकते, देह ते नाकारतो म्हणजे नेमके काय करतो, आणि भय खरोखर कशाचे बाळगावे, याची थोडी खातरजमा करून घेणे अगत्याचे वाटते.

ही विद्या आपल्याकडे तशी अलीकडचीच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ साली केलेला प्रयत्न तडीस गेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ मध्ये जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले गेले, तेव्हा सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय जेमतेम दोन वर्षांचे होते. आज वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण होते, आणि त्या रुग्णालयाचे नाव आहे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. ज्या पुरुषाने अखेरीस औषधाचा थेंबही नाकारला त्याच्याच नावाच्या वास्तूत एकाचा अवयव दुसऱ्याच्या देहात रुजवला जावा, या योगायोगाला विनोबा मनमोकळे हसले असते, असा माझा समज आहे.

मरणोत्तर मिळणाऱ्या अवयवांची वाटणी विदर्भापुरती नागपूरची विभागीय समिती करते. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. त्या कायद्यात रुग्णाच्या वयाला कोठे मर्यादा घातलेली नव्हती, परंतु पुढे आलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील रुग्णाने मरणोत्तर अवयवासाठी नाव नोंदवू नये अशी अट होती, आणि ती फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने काढून टाकली. त्याच वेळी अमुक राज्याचा रहिवासी असल्याच्या दाखल्याची अटही गेली. म्हणजे आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या सत्तरीतल्या गृहस्थाला आज वेटिंग लिस्टवर नाव लावण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. उरली आहे ती घरातली.

आता देहाकडे वळू. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते ओटीपोटात, बहुधा उजव्या अंगाला, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि जुनी मूत्रपिंडे, काही विशेष कारण नसेल तर, होती तेथेच राहू देतात. शस्त्रक्रियेचा हा भाग कुशल हातांना आता फारसा अवघड उरलेला नाही. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी जे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले त्यात दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून देहाने तक्रार केली नाही. इतर सर्वांच्या बाबतीत तक्रार ठरलेली. ती कशी उद्भवते याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेडावर यांना झाला. भाजलेल्या रुग्णाला परक्याची त्वचा लावली की ती काही दिवसांनी गळून पडते, आणि त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते, हे त्यांनी पाहिले; यावरून देह परक्याला ओळखतो आणि एकदा ओळखलेल्याला विसरत नाही, हे सिद्ध झाले. या शोधकार्याबद्दल १९६० चे नोबेल पारितोषिक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह त्यांना मिळाले.

ज्याला रुग्णालयात सगळेच 'रिजेक्शन' म्हणतात त्याचे वैद्य साधारणतः तीन प्रकार मानतात. पहिला प्रकार टेबलावरच, काही मिनिटांत वा तासांत घडतो: रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीपासूनच असतात आणि नवा अवयव डोळ्यांदेखत काळवंडतो. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी एकत्र करून पाहण्याची क्रॉसमॅच चाचणी रूढ झाल्यापासून हा प्रकार दुर्मीळ झाला. दुसरा तीव्र प्रकार बहुधा पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत येतो; यात श्वेतपेशी किंवा प्रतिद्रव्ये अवयवावर चालून जातात, क्रिएटिनिन वाढते, लघवी कमी होते, पाय सुजतात, क्वचित ताप येतो; पण बरेचदा यांपैकी काहीही न होता केवळ रक्ताच्या अहवालातला एक आकडा वर सरकतो आणि सुईने मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून केलेली बायोप्सीच काय ते सांगते. वेळेवर ओळखला तर या प्रकाराला बहुतांशी आवर घालता येतो. तिसरा प्रकार वर्षानुवर्षे, आवाज न करता, अवयव कठीण आणि निकामी करत नेतो, आणि त्यावर अद्याप हुकमी इलाज नाही.

वार्धक्यात या व्यवहाराला जे वळण लागते ते सर्वसामान्य कल्पनेच्या अगदी उलट आहे. म्हातारा देह दुबळा, म्हणून नवा अवयव त्याला पेलवणार नाही, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी की देहाचे हे दुबळेपण नव्या अवयवाच्या पथ्यावर पडते. छातीच्या अस्थीमागे असलेली थायमस ग्रंथी, जिच्यात श्वेतपेशींच्या एका महत्त्वाच्या जातीची जडणघडण होते, ती तारुण्यापासूनच आक्रसू लागते आणि साठीत तिचा बराचसा मेदच होऊन जातो. नव्या परक्याची ओळख पटवून घेणाऱ्या ताज्या पेशींचा पुरवठा त्यामुळे रोडावतो, आणि सत्तरीतल्या माणसात तीव्र नकाराचे प्रमाण तिशीतल्या माणसापेक्षा कमी आढळते. गावचा कोतवाल वयोवृद्ध झाला म्हणजे परगावचा पाहुणा वेशीतून बिनचौकशी आत येतो हे खरे; पण त्याच वेशीतून त्याच रात्री चोरही आत येतो, आणि गलबला ऐकून कोतवाल दचकून उठलाच तर अंधारात काठी कोणाच्या डोक्यात बसेल याचा नेम नसतो. वृद्धात नकार क्वचित येतो, परंतु आला तर, विशेषतः बसवलेले मूत्रपिंडही वयस्कर दात्याचे असेल तर, त्या तडाख्यातून सावरण्याची शक्ती तरुणापेक्षा कमी असते. शिवाय वयस्कर दात्याचा अवयव स्वतःच देहाला अधिक चिथावतो, असेही अनुभवास आले आहे.

तेव्हा वृद्ध रुग्णाचा खरा शत्रू निराळा आहे. तरुण रुग्णाचे मूत्रपिंड जाते ते पुष्कळदा देहाने नाकारल्यामुळे किंवा त्याने गोळ्या टाळल्यामुळे. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत मूत्रपिंड चांगले चालू असताना रुग्णच जातो, कधी हृदयविकाराने, कधी जंतुसंसर्गाने, कधी कर्करोगाने. वैद्यकीय दप्तरात या नोंदीला स्वतंत्र रकाना आहे, आणि तो रकाना वगळून केवळ अवयवाच्या टिकण्याचा हिशेब केला तर वृद्धांचे निकाल तरुणांच्या बरोबरीने उभे राहतात.

मग लाभ किती? अमेरिकेतील वेटिंग लिस्टवरच्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ६० ते ७४ या वयोगटातील रुग्ण डायलिसिसवरच राहिला तर त्याचे उर्वरित आयुष्य सरासरीने ६ वर्षे आणि मरणोत्तर दात्याचे मूत्रपिंड मिळाले तर १० वर्षे, असा अंदाज निघाला. मात्र याच अभ्यासाची दुसरी बाजू वैद्याने रुग्णापासून लपवता कामा नये: सर्व वयांचा एकत्र विचार करता, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका डायलिसिसवर थांबलेल्यांच्या २.८ पट होता. नफा सुरू होतो तो नंतर, आणि वयस्करांच्या बाबतीत त्याला तरुणांपेक्षा अधिक काळ लागतो. ज्याचे हृदय किंवा यकृत मुळातच एवढा काळ काढू शकणार नाही त्याच्यासाठी हा सौदा आतबट्ट्याचा. म्हणून जाणता नेफ्रॉलॉजिस्ट जन्मतारखेपेक्षा इतर गोष्टींचा मुलाहिजा अधिक करतो. रुग्ण खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठतो का, चार पावले किती वेगाने टाकतो, मुठीत जोर किती आहे, गेल्या वर्षात वजन आपोआप उतरले का, हृदयाच्या धमन्या मोकळ्या आहेत का, जुना क्षय कोठे दबा धरून आहे का, आणि गोळ्यांची वेळ ध्यानात ठेवण्याइतकी स्मृती शाबूत आहे का, हे सारे पाहून झाल्यावर ७२ वर्षांचा एखादा शेतकरी पात्र ठरतो आणि ५८ वर्षांचा, मधुमेहाने पोखरलेला एखादा व्यापारी अपात्र. बिहारचे माजी मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांना डिसेंबर २०२२ मध्ये सिंगापूर येथे कन्येचे मूत्रपिंड मिळाले ते वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, याची बातमी तेव्हा सगळीकडे झळकली होती.

औषधांची कथा स्वतंत्र ग्रंथाला पुरेल. सायक्लोस्पोरीन हे नॉर्वेतील एका पठाराच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून, टॅक्रोलिमस जपानातील त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतील जिवाणूपासून, सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीपासून. माणसाच्या देहाला परक्याशी मिळतेजुळते घ्यायला लावणारी ही सारी द्रव्ये मातीतून यावीत, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. आज बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा तीन गोळ्या आजन्म घ्याव्या लागतात. तरुणाला जी मात्रा मानवते ती वृद्धाला अधिक होते, कारण यकृताचा औषध पचवण्याचा वेग वयाबरोबर मंदावतो; आणि मुळातच पेंगुळलेल्या कोतवालाला आणखी गुंगी देण्यात शहाणपण नाही. वृद्ध रुग्ण हाताळण्याचे कसब आहे ते येथे: नकार येणार नाही इतकीच औषधे, त्याहून एक कणही अधिक नाही.

समजा, आर्वीकडचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. सकाळी ९ आणि रात्री ९ या दोन वेळा टॅक्रोलिमसच्या. मोबाइलवर गजर लावलेला. ज्या दिवशी रक्तातली औषधाची 'लेव्हल' तपासायची त्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून एस.टी.ने सावंगीला यायचे, आधी रक्त द्यायचे आणि मगच गोळी घ्यायची, कारण गोळी घेतल्यावर काढलेल्या रक्ताने लेव्हल भलतीच चढी दिसते आणि वैद्य नाहक मात्रा घटवतो. या औषधाने बोटांना कंप सुटतो. तो तसा निरुपद्रवी. परंतु बँकेत पैसे काढायला गेले की गुरुजींची सही जुन्या सहीशी जुळत नाही, आणि नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला सादर करताना हयात माणसालाच आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागते. साखर पूर्वी नव्हती, ती नव्या गोळ्यांनी सुरू झालेली असते. गुडघे दुखतात म्हणून गावच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणण्याची मुभा नाही. ती एकटी नव्या मूत्रपिंडाचा घात करू शकते. चैत्र-वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा लग्नकार्याच्या मांडवात दिवस काढून पाणी प्यायचे राहिले, किंवा जुलाब होऊन अंगातले पाणी गेले, की क्रिएटिनिन वाढते आणि घरचे लोक 'रिजेक्शन आले' म्हणून घाबरतात. कित्येकदा तो केवळ पाण्यावाचूनचा शोष असतो, पण ते तपासणीवाचून ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. वर्षानुवर्षे डायलिसिसवर पाणी मोजून मापून प्यायलेल्या माणसाला आता भरपूर पाणी पिण्याचा हुकूम होतो, आणि त्याला ते सुरुवातीला जमत नाही, ही एक मजेचीच गोष्ट.

सर्वांत कठीण प्रसंग क्षयाचा. आपल्या देशात दबलेला क्षय असंख्य देहांत असतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की तो डोके वर काढतो. क्षयावरचे प्रमुख औषध रिफॅम्पिसिन हे यकृताला असे काही चेतवते की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. म्हणजे क्षय बरा करायला जावे तर नकार ओढवतो आणि नकार टाळायला जावे तर क्षय बळावतो. अशा वेळी औषधे बदलून, मात्रा वाढवून, आठवड्या-आठवड्याला लेव्हल पाहून मार्ग काढतात. गावातल्या डॉक्टरने प्रत्यारोपण केंद्राला न विचारता क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या, तर दोष कोणाचा हे ठरेपर्यंत मूत्रपिंड गेलेले असते. खोकला-सर्दीवर दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन याच्या उलट वागते, टॅक्रोलिमसची पातळी चढवते. यास्तव प्रत्येक रुग्णाने आपल्या गोळ्यांची यादी सदैव खिशात बाळगावी, आधारकार्डाइतकीच.

खर्चाविषयी थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रियेचा मोठा भार त्याने हलका होतो. त्यानंतरच्या आजन्म गोळ्यांचा आणि तपासण्यांचा मासिक तगादा मात्र कुटुंबाच्या मानेवर राहतो, आणि निवृत्तिवेतन नसलेल्या शेतकऱ्याच्या घरी गोळ्यांत खंड पडतो तो बहुधा याच कारणाने, विस्मरणाने नव्हे.

शेवटचा प्रश्न, द्यायचे कोणी? आपल्या देशात २०२३ साली १३ हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते जेमतेम ११०० च्या आसपास. बाकीची मूत्रपिंडे जिवंत नातलगांची, आणि त्यांत देणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. वृद्ध बापाला मुलाचे मूत्रपिंड घेणे जिवावर येते, 'पोराचं आयुष्य अजून पुढं आहे, त्याले कशाले कापता?' असे तो वऱ्हाडी बोलीत ठणकावून सांगतो, आणि त्याचे म्हणणे मला अवाजवी वाटत नाही. पत्नी मात्र पासष्टीची असूनही पुढे होते आणि तपासणीत पुष्कळदा योग्यही ठरते. पण वृद्धाला अवयव मिळवून देण्याचा एक निराळा राजमार्ग युरोपातील काही देशांनी जानेवारी १९९९ पासून अवलंबला आहे. तेथे ६५ वर्षांवरील मृत दात्याचे मूत्रपिंड ६५ वर्षांवरील रुग्णालाच द्यायचे, ऊतकांचे तंतोतंत मॅचिंग पाहत बसायचे नाही, आणि अवयव बर्फात फार काळ पडू नये म्हणून तो जवळच्याच केंद्रात बसवायचा, असा बंदोबस्त आहे. पंचवीस वर्षांचे मूत्रपिंड सत्तरीच्या रुग्णाला दिले तर त्याचा अर्धाअधिक काळ वाया जातो. सत्तरीचे सत्तरीला पुरते.

वर्धा-नागपूरच्या रुग्णालयांत मेंदू मृत झालेला एखादा वयस्कर रुग्ण कृत्रिम श्वासावर असतो, चार डॉक्टरांचे मंडळ कायद्याप्रमाणे निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, आणि त्या मधल्या वेळेत समन्वयक नातलगांजवळ दानाची गोष्ट काढतात. तेव्हा 'आमच्या म्हाताऱ्याचं घेऊन कोण काय करणार?' हे उत्तर त्यांना ऐकावे लागते. ज्याला ते घेऊन काही करता येईल असा माणूस त्याच विभागाच्या यादीत, आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास यंत्राला जखडलेला, सत्तरीचाच असू शकतो, हे त्या क्षणी समन्वयकाने सांगितले तर नातलग पुन्हा विचार करतात. आणि दात्याचे मूत्रपिंड घेण्याजोगे आहे की नाही याचा निवाडा वयावरून न करता त्याच्या क्रिएटिनिनवरून, रक्तदाबाच्या जुन्या नोंदींवरून आणि गरज पडल्यास बायोप्सीवरून डॉक्टर करतील, एवढे आश्वासन त्यांना पुरेसे होते.